मुंग्या हातात, पण नस दबली कुठे? निदानाची चर्चा

ओपीडी_पुनर्वसन

मानेच्या एमआरआयची फाईल आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसत नाही, असं वारंवार दिसतं. फाईलमध्ये ‘सी५-सी६ डिस्क बल्ज’ (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती फुगलेली) असतं आणि रुग्ण सांगतो की पहाटे हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. चाळिशीनंतर काही त्रास नसलेल्या माणसाच्या मानेतही बल्ज दिसतो. तरी ‘मणक्यात गॅप’ म्हणून पट्टा बांधला जातो, महिनोन्‌महिने ट्रॅक्शन चालतं, आणि तोवर अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होऊन जातो. नस कुठे दबली आहे ते आधी हातानं शोधायचं आणि मग मशीनला विचारायचं, हा क्रम पाळला तर हे टळतं. तो क्रम इथे तपशिलात मांडू या, दुरुस्त्या जरूर सुचवा. सुरुवात मनगटापासून करतो.

‘कुठे मुंग्या येतात’ एवढं विचारलं की उत्तर येतं ‘सगळ्या हाताला’. म्हणून कागदावर पंज्याची दोन चित्रं काढून द्या, एक तळहाताकडून, एक पाठीकडून, आणि रुग्णालाच पेनानं रंगवू द्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू रंगली तर मीडियन नर्व्ह (मनगटाच्या मधून पंजात जाणारी नस). करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू रंगली तर अल्नर (कोपराच्या आतल्या बाजूनं करंगळीकडे जाणारी नस).

अनामिकेवर थोडा जास्त वेळ द्यावा. कापसानं बोटाच्या दोन्ही कडा आळीपाळीनं स्पर्श करून बघा. एक कड बधिर आणि दुसरी शाबूत असेल तर दोष नर्व्हमध्ये आहे, मज्जारज्जूतून निघणाऱ्या तिच्या मुळात नाही. सी८ (मानेचं आठवं) मूळ दबलं तर अनामिका अशी मधोमध चिरल्यासारखी वागत नाही.

दुसरी खूण तळहातावरची. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागाची संवेदना मीडियनच्या ज्या फांदीकडे आहे, ती मनगटाच्या साधारण ५ सेंमी वरच फुटते आणि मनगटातल्या बोगद्याच्या (कार्पल टनेल) बाहेरून जाते. त्यामुळे कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मीडियन या बोगद्यात दबली की, बोटं बधिर असतात, पण हा उंचवटा शाबूत असतो. तोही बधिर असेल तर वर बघा, कोपराजवळ, नाहीतर मानेत.

ताकद: तळहात वर करून हात टेबलावर ठेवायला सांगा, अंगठा सरळ छताकडे उचलायला लावा आणि टोकाशी न दाबता बुडाच्या पेराशी दाबा. अंगठा शेजारच्या बोटाकडे ओढून धरण्याची ताकद अल्नरची असते, तिच्यावर फसू नका.

फॅलेन चाचणी (मनगट दुमडून धरणं) पूर्ण ६० सेकंद. घड्याळ लावून. वीस सेकंदांत ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होणं चुकीचं आहे. कोपर फार दुमडू देऊ नका, नाहीतर अल्नरच्याही मुंग्या येतील आणि घोटाळा होईल. डर्कनची चाचणी म्हणजे बोगद्यावर अंगठ्यानं सरळ ३० सेकंद दाब. मनगट आखडलेल्या, संधिवाताच्या रुग्णाला फॅलेन करता येत नाही, तिथे हीच कामाची.

फिजिओ_सातारा

सर, यात मला एक जोडायचं आहे. ‘कधी होतं’ याचंही उत्तर ‘कधीही’ असंच येतं, म्हणून प्रसंग आपण पुरवावे लागतात. दुचाकीचं हँडल धरल्यावर, मोबाईल कानाला लावल्यावर, पोळ्या लाटताना, भाकरी थापताना, रात्री. मनगट दुमडलेलं किंवा घट्ट पकडलेलं असेल तर मीडियन, कोपर बराच वेळ दुमडलेलं असेल तर अल्नर, मान मागे वा बाजूला वळवली की वाढत असेल तर मूळ. हात डोक्यावर ठेवल्यानं आराम पडतो असं स्वतःहून सांगणारा रुग्ण बहुधा मानेचा असतो.

प्रश्न असा की आमच्याकडे यूएलएनटी-१ (हात ताणून मीडियन नर्व्हवर ताण देण्याची चाचणी) सर्रास केली जाते. ती पॉझिटिव्ह आली म्हणून ‘नर्व्ह एंट्रॅपमेंट’ लिहिलेलं मी बघते. तिला किती वजन द्यावं?

ओपीडी_पुनर्वसन

@फिजिओ_सातारा ताई, ती निगेटिव्ह आली तर मानेचं मूळ दबलेलं असण्याची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्ह मात्र धडधाकट माणसातही येते, ताण दिला की ओढ लागणारच. म्हणून नेहमीचीच तक्रार तंतोतंत उमटली का, दुसऱ्या हातापेक्षा फरक आहे का, आणि मान बाजूला वळवल्यावर ती कमी-जास्त झाली का, हे तिन्ही बघा. स्पर्लिंगचं (मान मागे-बाजूला वळवून डोक्यावर दाब) नेमकं उलट आहे: पॉझिटिव्ह आली तर भरवसा ठेवावा, निगेटिव्ह आली तर मान सुटली असं समजू नये. या दोन चाचण्या जोडीनं करायच्या त्या याचसाठी.

मनगटासाठी गुणांकन हवं असेल तर सीटीएस-६ वापरा. मीडियनच्या भागात बधिरपणा ३.५, रात्रीचा बधिरपणा ४, उंचवटा झिजलेला किंवा कमजोर ५, फॅलेन ५, दोन टोकांतला फरक न कळणं ४.५, टिनेल (नसेवर टकटक केल्यावर मुंग्या) ४. एकूण २६, आणि १२ किंवा त्याहून जास्त आले तर कार्पल टनेल असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के. दोन टोकांसाठी वाकवलेली पेपरक्लिप चालते, बोटाच्या टोकाला ५-६ मिमीपर्यंतचा फरक कळायला हवा.

आणि दोन्ही हात बधिर असले की हॉफमन (मधल्या बोटाचं नख टिचकवल्यावर अंगठा दुमडतो का) तपासल्याशिवाय रुग्ण उठवू नये. बटणं लावता येत नाहीत, चालताना तोल जातो, गुडघ्याचे झटके तीव्र येतात, हे सगळं मज्जारज्जू दबल्याचं असतं. ते मनगटाच्या नावाखाली राहून गेलं तर नुकसान भरून येत नाही.

एनसीव्ही_टेबल

आता मशीनकडचं, म्हणजे एनसीव्हीचं (नसेला विजेचा झटका देऊन तिचा वेग मोजणं) लिहितो. चुकीच्या निष्कर्षांचं सगळ्यांत मोठं कारण आजार नसतो, थंड हात असतो. एसी १८ वर, थंडीतली सकाळ, रुग्ण स्कूटरवरून आलेला. पंजाचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर हवं. एक अंश उतरला की वेग सेकंदाला १.५ ते २.५ मीटरनं घटतो आणि डिस्टल लेटन्सी (झटक्यापासून तरंग उमटेपर्यंतचा वेळ) साधारण ०.२ मिलिसेकंदानं वाढते. हात २८ वर असेल तर चार अंशांचे ०.८ मिलिसेकंद झाले. म्हणजे खरी लेटन्सी ३.९ असलेला निरोगी माणूस ४.७ दाखवतो आणि ४.४ ची मर्यादा ओलांडून ‘कार्पल टनेल’ होऊन घरी जातो. थंडीनं तरंगाची उंची मात्र वाढते. लेटन्सी लांबलेली आणि तरंग भरघोस उंच असेल तर आधी हाताला हात लावून बघा. पंजा कोमट पाण्यात बुडवा किंवा गरम पाण्याची पिशवी द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. रिपोर्टात तापमान लिहा. ते लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट वाचणाऱ्यानं विचारावं.

क्रम: मीडियन मोटर (हालचालीचे तंतू) एपीबीवर (अंगठ्याच्या बुडाचा स्नायू), मनगटाला ७ सेंमीवरून; मग कोपराला. अल्नर मोटर. दोन्हींची सेन्सरी (संवेदनेचे तंतू). इथवर सगळं नॉर्मल आलं आणि तक्रार ठळक असेल तर थांबायचं नाही. सौम्य कार्पल टनेल नेमका इथेच निसटतो. आता त्याच हातातल्या दोन नसांची आपापसांत तुलना करायची:

तळहातातून मनगटाकडे, मीडियन विरुद्ध अल्नर, ८ सेंमी: ०.४ मिलिसेकंद किंवा जास्त फरक असेल तर दोष.
अनामिका, मीडियन विरुद्ध अल्नर, १४ सेंमी: ०.५.
अंगठा, मीडियन विरुद्ध रेडियल (हाताच्या पाठीकडची नस), १० सेंमी: ०.५.

तिन्ही फरकांची बेरीज १.० किंवा जास्त आली की कार्पल टनेल धरा. एका फरकावर बोट ठेवण्यापेक्षा ही बेरीज विश्वासाची आहे, कारण तीन चाचण्यांपैकी एखादी योगायोगानंही बिघडलेली दिसू शकते. शिवाय या तुलनेत दोन्ही नसा सारख्याच थंड, सारख्याच वयाच्या आणि सारख्याच अंतरावरच्या असतात, म्हणून बाकीची गडबड आपोआप वजा होते. तापमानाचा नियम तरीही पाळाच.

उंचवटा पूर्ण झिजलेला असेल आणि एपीबीवर काहीच मिळत नसेल तर दुसऱ्या लम्ब्रिकलवर (तळहातातला छोटा स्नायू) घ्या. तिथले तंतू उशिरा मरतात. त्याच इलेक्ट्रोडवर अल्नर उत्तेजित केली की इंटरॉसियसचा (पंजाच्या हाडांमधला स्नायू) तरंग मिळतो. अंतर दोन्हींना सारखं ठेवा, फरक ०.५ च्या वर गेला तर दोष मनगटातच आहे हे सिद्ध होतं.

हाताच्या चुका म्हणाल तर या नेहमीच्या:

कॅथोड आणि अ‍ॅनोडची अदलाबदल. कॅथोड (ऋण ध्रुव) कायम नोंद घेणाऱ्या इलेक्ट्रोडच्या बाजूला. उलटा धरला तर लेटन्सीत ०.३ ते ०.४ मिलिसेकंदाची भर पडते, म्हणजे वर दिलेली ०.४ ची मर्यादा एकट्या याच चुकीनं गाठली जाऊ शकते.

अपुरा करंट. उंची वाढायची थांबली की तिथून २० ते २५ टक्के वर न्या, मगच नोंदवा.

जास्त करंट. मनगटाला मीडियन उत्तेजित करताना करंट पसरून अल्नरही पेटते आणि झिजलेल्या हातात खोटी उंची मिळते. करंट वाढवताना पडदा आणि बोटं दोन्ही बघा. तरंगाचा आकार अचानक बदलला किंवा करंगळी हलली की तुम्ही पुढे गेलात.

मार्टिन-ग्रुबर जोडणी (कोपराखाली मीडियनमधून अल्नरकडे गेलेले तंतू). १५ ते ३० टक्के लोकांत असते. मनगटाला तरंग स्वच्छ, कोपराला मात्र सुरुवातीला खाली खड्डा, आणि हातातला वेग अशक्य वाटावा इतका जास्त, असं दिसलं तर तो कार्पल टनेल अधिक मार्टिन-ग्रुबर आहे. खड्डा मनगटालाही दिसत असेल तर इलेक्ट्रोड स्नायूच्या मध्यावर नाही किंवा करंट पसरतो आहे.

हाताची_शस्त्रक्रिया

फार उपयोगी. आमच्या बाजूनं एक विनंती. रिपोर्टात ‘मॉडरेट टू सिव्हिअर’ असं अंदाजानं लिहिलेलं असतं, त्यातून काही ठरवता येत नाही. पाडुआच्या पायऱ्या वापराल का? फक्त तुलनेच्या चाचण्यांत दोष म्हणजे मिनिमल. सेन्सरी मंद आणि मोटर लेटन्सी नॉर्मल म्हणजे माइल्ड. दोन्ही बिघडलेले म्हणजे मॉडरेट. सेन्सरी मिळतच नाही आणि मोटर लांबलेली म्हणजे सिव्हिअर. काहीच मिळत नाही म्हणजे एक्स्ट्रीम. सिव्हिअरच्या पुढे गेलेल्याला आम्ही आधीच सांगतो की रात्रीचा त्रास जाईल, पण बधिरपणा आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. हे ऑपरेशनच्या आधी सांगणं आणि नंतर सांगणं यात फार अंतर आहे.

दुसरं, ‘डबल क्रश’ बद्दल काय मत? मानेतही दोष आणि मनगटातही, म्हणून आधी मानेचं बघा, असं सांगून रुग्ण परत पाठवले जातात.

एनसीव्ही_टेबल

पायऱ्या लिहायलाच हव्यात, मान्य.

डबल क्रशची कल्पना अप्टन आणि मॅकोमस यांनी १९७३ मध्ये मांडली: वर एकदा दबलेली नस खाली लवकर दुखावते. ऐकायला पटतं, पण शरीररचनेशी ताडून बघा. अंगठ्याची संवेदना सी६, मधल्या बोटाची सी७, एपीबीची हालचाल सी८-टी१. मानेतला एकच दोष या तिन्हींना मनगटात नाजूक करू शकत नाही. शिवाय मूळ दबतं ते पेशींच्या गाठीच्या आधी, मज्जारज्जूच्या बाजूला. गाठ आणि तिच्यातून बोटाकडे निघालेला तंतू शाबूतच राहतो. याच कारणानं मानेच्या मुळाच्या आजारात बोट पूर्ण बधिर असूनही सेन्सरी तरंग नॉर्मल येतो. निदानातला हा सगळ्यांत मोलाचा नियम: बोट बधिर, तरंग नॉर्मल, तर दोष गाठीच्या वर. बोट बधिर आणि तरंग खुजा, तर दोष गाठीच्या खाली.

दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, दोन्ही सर्रास आढळतात. प्रत्येकाचा पुरावा वेगवेगळा द्या आणि जास्त त्रास देणाऱ्याचा उपचार आधी करा.

सोनो_प्रोब

सोनोग्राफीचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. सुई नाही, झटका नाही, दहा मिनिटांत होतं, आणि दाब कशानं आहे तेही दिसतं. गँगलियन, सुजलेलं टेंडनचं आवरण, दुभंगलेली मीडियन, टिकून राहिलेली मीडियन धमनी, यातलं काहीही एनसीव्ही सांगत नाही.

१२ मेगाहर्ट्‌झ किंवा वरचा लिनिअर प्रोब. रुग्ण समोर बसलेला, तळहात वर, मनगट सरळ, बोटं सैल. पिसिफॉर्म हाडाच्या पातळीला आडवा छेद. प्रोब नसेला काटकोनात, वजन शून्य, जेल भरपूर. प्रोब जरा कलता केला की टेंडन काळे पडतात आणि नस फारशी बदलत नाही, तिथे ती ओळखू येते. पांढऱ्या कडेच्या आतून रेघ ओढून क्षेत्रफळ मोजा. १० चौरस मिमीच्या वर असेल तर संशय पक्का होतो.

फक्त एका आकड्यावर जाऊ नका. मोठ्या हाडापेराच्या माणसाची नस मुळातच जाड असते, मधुमेहात सगळ्याच नसा किंचित जाड मिळतात. म्हणून त्याच हातात १२ सेंमी वर पुन्हा मोजा. मनगट भागिले वरचं क्षेत्रफळ १.४ किंवा जास्त आलं तर फुगवटा स्थानिक आहे. मनगटात १३ आणि वर १२ असेल, तर तो कार्पल टनेल नव्हे. दुभंगलेल्या नसेचे दोन्ही भाग मोजून बेरीज करायची असते, एकच मोजून नॉर्मल लिहिल्याचं खूपदा दिसतं.

मर्यादाही सांगते: किती तंतू मेले हे चित्र सांगत नाही. आणि ऑपरेशननंतर तक्रार गेली तरी नस बराच काळ फुगलेलीच दिसते, तेवढ्यावरून ‘पुन्हा दबली’ म्हणू नये.

फिजिओ_सातारा

करंगळीकडे येऊ या का? कोपर, मनगटातला गायॉन (अल्नरचा बोगदा), टी१-सी८ मूळ, थोरॅसिक आउटलेट (गळ्याच्या बुडाशी नसा दबणं), सगळ्यांचीच तक्रार ‘करंगळी बधिर, पकड गेली’.

एनसीव्ही_टेबल

आधी कापूस. तीन जागा बघा.

पंजाची मागची बाजू, करंगळीकडे. इथली फांदी मनगटाच्या ५ ते ८ सेंमी वर फुटते. ही बधिर असेल तर दोष मनगटाच्या वर, आणि शाबूत असेल तर गायॉन शक्य.

मनगटाची घडी. अल्नरचा बधिरपणा घडीच्या जवळ थांबतो. तो आतल्या बाजूनं कोपरापर्यंत चढत असेल तर तो भाग वेगळ्याच नर्व्हचा आहे आणि ती ब्रेकियल प्लेक्ससमधून (मान ते काखेतलं नसांचं जाळं) येते, म्हणजे दोष सी८-टी१ किंवा त्या जाळ्याच्या खालच्या खोडात (लोअर ट्रंक).

अनामिका, वर आलेलंच आहे.

मग ताकद. अंगठा आणि तर्जनीमध्ये कागद धरायला सांगा आणि ओढा, अंगठ्याचं टोक दुमडलं तर फ्रोमेंट. त्यानंतर अल्नरबाहेरचे पण सी८ चे स्नायू: तर्जनी एकटी सरळ उचलणं (रेडियल), अंगठ्याचं टोक दुमडणं (मीडियन). हे दोन्ही दमदार असतील तर मूळ बहुधा सुटलं.

एनसीव्हीत कोपर ७० ते ९० अंशांत दुमडलेलं ठेवा, उत्तेजन देतानाही आणि टेप लावतानाही तेच. सरळ कोपरात नस सैल, नागमोडी असते; त्वचेवरचं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि निरोगी माणसाचा वेग खोटा मंद दिसतो. खालचं उत्तेजन आतल्या हाडाच्या टोकापासून ३ सेंमी खाली, त्याहून खाली नस स्नायूत खोल जाते. दोन बिंदूंत १० सेंमी. टेप कोपराच्या वळणावरून न्या. ५ सेंमीत मोजलं तर १ सेंमीची चूक २० टक्के होते, १० सेंमीत १० टक्के.

कोपरावरचा वेग ५० च्या खाली, किंवा कोपराखालच्या हातापेक्षा १० मीटरहून जास्त मंद, किंवा उंची २० टक्क्यांहून जास्त घसरलेली: यातल्या एकाच गोष्टीवर निदान करू नका. एडीएमवर (करंगळीचा स्नायू) सगळं नॉर्मल आलं आणि संशय कायम असेल तर एफडीआयवर (अंगठा-तर्जनीमधला स्नायू) घ्या. तेही संदिग्ध असेल तर कोपरावर दर १ किंवा २ सेंमीला उत्तेजन देत जा, कुठे उडी आहे ते दिसतं. आणि उंची मनगट ते कोपराखालचा बिंदू यांच्या मध्येच घसरली असेल तर कुणाला ‘ब्लॉक’ लिहिण्याआधी मार्टिन-ग्रुबर आठवा: कोपराला मीडियन उत्तेजित करून करंगळीच्या स्नायूवर नोंद घ्या.

थोरॅसिक आउटलेट फार वेळा लिहिलं जातं आणि खरं फार कमी वेळा असतं. खऱ्याची नक्षी ठरलेली आहे: मीडियन मोटर खुजी, मीडियन सेन्सरी शाबूत, अल्नर सेन्सरी खुजी, हाताच्या आतल्या बाजूची सेन्सरी खुजी. उंचवटा झिजला म्हणून कार्पल टनेल समजलं जातं, पण बधिर करंगळी असते. नाडी हरवणाऱ्या चाचण्यांवर विसंबू नका.

विदर्भ_त्वचारोग

अल्नरच्या चर्चेत एक शब्द आला नाही, तो आपल्याकडे पहिल्या पाचांत यायला हवा: कुष्ठरोग. २००५ मध्ये देशपातळीवर ‘दर दहा हजारांत एकाहून कमी’ हे उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं, पण आजार संपलेला नाही. विदर्भातले जिल्हे, कोकणातले आदिवासी भाग, शहरांतले स्थलांतरित मजूर, सगळीकडे नवे रुग्ण मिळतात. कोपराचं ऑपरेशन झाल्यावर निदान उघडकीला येणं दुर्दैवी आहे आणि ते टाळता येतं.

कोपराच्या हाडामागे बोट घालून नस चाचपा, मग तशीच वर चार-पाच सेंमी चढत जा, दुसऱ्या बाजूशी ताडून. दाबल्यानं होणारा फुगवटा हाडाच्या आसपासच असतो. कुष्ठरोगात नस वर, दंडाच्या खालच्या भागात दोरखंडासारखी जाड लागते, तीही बऱ्याच लांबीत. मग मानेत कानाखाली, आणि गुडघ्याच्या बाहेर फिब्युलाच्या मानेपाशी चाचपा. कपडे काढून चट्टे शोधा, फिकट किंवा तांबूस, ज्यावर गरम-थंड कळत नाही. चट्टा नसतानाही फक्त नसांचा कुष्ठरोग असतो.

शिबिरात तीन हालचाली पुरतात: करंगळी बाहेर, अंगठा वर, पाऊल वर. संवेदनेला मोनोफिलामेंट (ठरलेला दाब देणारा नायलॉनचा धागा), हाताला २ ग्रॅम, पायाला १० ग्रॅम.

@सोनो_प्रोब, नसेत रक्तप्रवाह वाढलेला दिसला तर तातडीनं कळवा. तो रिअ‍ॅक्शन (कुष्ठरोगात अचानक भडकणारी सूज) असू शकतो. गेल्या सहा महिन्यांत गेलेली ताकद स्टेरॉइडनं परत मिळवता येते, त्यापुढे संधी हातातून जाते. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रात मोफत आहे.

सोनो_प्रोब

लक्षात ठेवीन. कोपरासाठी मी आतापासून दंडाच्या मध्यापर्यंत सलग स्कॅन करत जाईन, फक्त खोबणीपाशी थांबणार नाही.

एमडी_दुसरं_वर्ष

सगळ्यांना नमस्कार. पायाबद्दल विचारू का? पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. एल५ (कमरेचं पाचवं मूळ) की कॉमन पेरोनियल (गुडघ्याच्या बाहेरून पावलाकडे जाणारी नस)? आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून तपासणी) कधी करावी? कालच पाऊल पडलेला रुग्ण आजच ईएमजीसाठी पाठवतात.

ओपीडी_पुनर्वसन

दोन हालचाली विचारा. पाऊल आत वळवणं, आणि कुशीवर झोपून पाय वर उचलणं. दोन्ही एल५ चे, पण पेरोनियलचे नाहीत. आत वळवण्याची ताकद तपासताना पाऊल आपल्या हातानं वर उचलून काटकोनात धरा. लुळ्या लोंबत्या पावलात ती खोटी कमी भासते. दोन्ही शाबूत, फक्त वर उचलणं आणि बाहेर वळवणं गेलं, तर पेरोनियल, बहुधा फिब्युलाच्या मानेपाशी. हे चारही गेलं तर एल५; कुशीवर पाय उचलणं तेवढं शाबूत असेल तर सायटिक (कमरेतून पायात जाणारी मोठी नस).

इतिहासात विचारा: बराच वेळ उकिडवं बसणं झालं का (भातलावणी, खुरपणी, फरशीकाम), मांडीवर मांडी टाकायची सवय, वेगानं वजन उतरलं का, गुडघ्याखाली प्लास्टर होतं का, आयसीयूत पडून होते का. कंबर दुखत नाही आणि पाऊल पडलं आहे, तर एमआरआय कमरेचा मागण्याआधी फिब्युलाची मान टकटक करून बघा.

एनसीव्ही_टेबल

पेरोनियल मोटर ईडीबीवर (पावलाच्या पाठीवरचा छोटा स्नायू) आणि टिबियालिस अँटिरियरवरही (नडगीलगतचा स्नायू) घ्या. पाऊल उचलतो तो दुसरा स्नायू, ईडीबी नव्हे, आणि बंद बुटांच्या दाबानं ईडीबी निरोगी माणसातही झिजलेला सापडतो. फिब्युलाच्या मानेखाली आणि वर, गुडघ्यामागे बाहेरच्या बाजूला, उत्तेजन द्या. मध्ये उंची घसरली तर तिथे ब्लॉक. सुपरफिशियल पेरोनियल सेन्सरी: एल५ मध्ये सहसा नॉर्मल, पेरोनियलमध्ये तंतू मेले असतील तर खुजी. ‘सहसा’ म्हणतो कारण एल५ ची गाठ काही जणांत कण्याच्या आतच असते आणि तीही दबू शकते.

सुई टिबियालिस अँटिरियर, टिबियालिस पोस्टिरियर, ग्लुटियस मीडियस, कमरेचे पॅरास्पायनल (कण्यालगतचे स्नायू), आणि बायसेप्स फिमोरिसचं शॉर्ट हेड. हा शेवटचा फार मोलाचा: पेरोनियलच्याच तंतूंतून, पण गुडघ्याच्या वर पुरवठा होणारा एकमेव स्नायू. तिथे दोष निघाला तर फिब्युलाची मान दोषी नाही, सायटिककडे वर चढा.

वेळेबद्दल. नस तुटली किंवा मेली तरी तिचा खालचा तुकडा काही दिवस उत्तेजनाला उत्तर देतो. मोटर तरंग आठवडाभरात, नऊ दिवसांपर्यंत कोसळतो; सेन्सरीला १०-११ दिवस. सुईत फिब्रिलेशन (नस तुटलेल्या स्नायूचे आपोआप उमटणारे ठोके) पॅरास्पायनलमध्ये साधारण दहा दिवसांत, हातापायात दोन ते तीन आठवड्यांत, लांबच्या स्नायूत त्याहून उशिरा. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या नॉर्मल ईएमजीला काही अर्थ नाही. तीन आठवड्यांनी करा. पहिल्या दिवशी करण्यात एकच फायदा: जुना दोष आधीपासून होता का ते कळतं.

ब्लॉक निघाला आणि खालून उत्तेजन दिल्यावर टिबियालिस अँटिरियरची उंची नवव्या दिवसानंतरही चांगली असेल, तर तंतू जिवंत आहेत. दाब काढला की आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांत पाऊल उचलतं. खालची उंचीही गेली असेल तर तंतू नव्यानं वाढावे लागतात, दिवसाला साधारण १ मिमी.

मुळाचं निदान ईएमजीवर करायला एकाच मुळाचे, पण वेगवेगळ्या नर्व्हचे किमान दोन स्नायू बिघडलेले हवेत, आणि त्या नर्व्हचे पण दुसऱ्या मुळाचे स्नायू शाबूत. पॅरास्पायनलसह सहा स्नायू तपासले की सुईला दिसण्याजोगा मुळाचा दोष सहसा सुटत नाही. हाताला: डेल्टॉइड, ट्रायसेप्स, प्रोनेटर टेरेस, ईडीसी (बोटं सरळ करणारा), एपीबी आणि मानेचे पॅरास्पायनल. पॅरास्पायनल नॉर्मल आले म्हणून मूळ सुटलं असं नाही, आणि पूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांचा भरवसा धरू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का हे सुई घालण्याआधी विचारा. दोष फक्त संवेदनेच्या तंतूंत असेल तर ईएमजी नॉर्मलच येणार, ते रुग्णाला आधी सांगा.

हाताची_शस्त्रक्रिया

एक इशारा घालतो, कारण असे रुग्ण आमच्याकडे ‘अल्नर ऑपरेशन करा’ म्हणून येतात. पंधरा ते पंचवीस वयाचा मुलगा, एका हाताचा पंजा आणि कोपराखालचा आतला भाग हळूहळू झिजतो, थंडीत बोटं आणखी कमजोर, आणि बधिरपणा अजिबात नाही. हा हिरायामा आजार, १९५९ मध्ये जपानात वर्णन झालेला, आपल्याकडेही बऱ्यापैकी आढळतो. ब्रेकियोरेडियालिस (कोपराखालचा अंगठ्याकडचा स्नायू) शाबूत असतो. साध्या एमआरआयमध्ये निसटतो, मान पुढे वाकवून घेतलेला एमआरआय मागावा लागतो. यात मानेची पुढे वाकण्याची हालचाल रोखणारी कॉलर लागते, कोपरावर सुरी नव्हे.

प्रौढात झीज अंगठ्याच्या बाजूला जास्त, करंगळीकडे कमी, संवेदना सगळी शाबूत, झटके तीव्र, स्नायू फडफडतात, तर मोटर न्यूरॉनच्या आजाराचा विचार करा. झिजलेला पंजा आणि नॉर्मल सेन्सरी तरंग ही जोडी दिसली की घाई नको.

एमडी_दुसरं_वर्ष

खूप आभार. एकच शेवटचं. ईडीबीवर घोट्यापेक्षा फिब्युलाच्या मानेपाशी उंची जास्त आली, असं होऊ शकतं का? की चूक माझी?

एनसीव्ही_टेबल

आधी घोट्याला करंट पुरेसा दिला होता का ते बघा. तो पुरेसा असेल तर अ‍ॅक्सेसरी पेरोनियल. ही फांदी बाहेरच्या घोट्याच्या मागून जाते, म्हणून घोट्याच्या पुढून दिलेल्या उत्तेजनात सापडत नाही, वरून दिलेल्यात सापडते. घोट्याच्या मागे उत्तेजन द्या. तिथे छोटा तरंग मिळाला आणि तो घोट्याच्या पुढच्या तरंगात मिळवल्यावर वरचा आकडा जुळला की झालं.

आणि फॉर्मवर ‘एनसीव्ही बोथ लोअर लिंब्स’ एवढंच लिहून पाठवू नका. असं लिहा: ‘उजवं पाऊल तीन आठवड्यांपासून पडलेलं, आत वळवणं आणि कुशीवर पाय उचलणं शाबूत, कंबरदुखी नाही, मधुमेह आहे. फिब्युलाच्या मानेपाशी ब्लॉक आहे का? शॉर्ट हेड तपासावं.’ मधुमेह लिहिलात तर मी दुसरा पायही आणि सुरलही (पोटरीमागची संवेदनेची नस) घेतो.